चांदीच्या नाण्यावरची सवाष्ण

माझी बायको माझ्या नाण्यांना ‘तुमचे काळे देव’ म्हणायची. तिचे देव खाली स्वयंपाकघरात, बॉयलरच्या कपाटाशेजारच्या फळीवर, दर शनिवारी घासून लखलखीत. माझे देव वर मागच्या खोलीत, लाकडी ट्रेच्या गोल खळग्यांत, हिरव्या कापडावर आडवे झालेले आणि जवळजवळ दोन हजार वर्षांच्या काळिम्याने माखलेले. “देवाला इतकं कळकट ठेवायचं म्हणजे कमाल आहे,” असं ती येताजाता म्हणे. मी तिला समजवायचो की हा मळ नाही, चांदीवर हळूहळू धरलेला थर आहे, तो घासून काढला की जुन्या नाण्यात काही राहत नाही. ती म्हणायची, “आळशी माणसाला कारणं बरी सुचतात.” यावर मी जिना चढून वर जायचो.

कार्डिफला आम्ही आलो ते दोन-चार वर्षांत परत जायचं असं म्हणत. मग मुलगी झाली, तिची शाळा झाली, घराचं मॉर्गेज झालं, आणि परत जायची भाषा फक्त जानेवारीत, अंधार फारच अंगावर यायला लागला की निघायची. मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं. काचपट्ट्या बघून बघून डोळ्यांना बारीक बघायची खोड लागली होती. एका रविवारी आम्ही जवळच कार्लिअनला रोमन छावणीचे अवशेष बघायला गेलो आणि तिथल्या काचेच्या पेटीत मला नखाएवढं चांदीचं नाणं दिसलं. त्यावर चार घोड्यांच्या रथात उभा राहून वीज फेकणारा देव होता. एवढ्याशा जागेत प्रत्येक घोड्याचे कान वेगळे दिसत होते. मी तिथेच अडकलो. बायको बाहेर गवतावर थर्मास घेऊन बसली होती. “एवढा वेळ काय करत होतात?” तिने विचारलं. “देवदर्शन,” मी म्हणालो. ते तिला फारसं आवडलं नाही.

पण खोटं नव्हतं ते. रोमन लोकांची चांदी म्हणजे खिशात घेऊन फिरायचं देवघरच होतं. दिनार हा शब्द आपण ऐकलेला असतो, तो ज्याच्यावरून आला ते हे देनारियस. एका बाजूला राजा किंवा एखादी देवी, उलटून बघावं तर दुसऱ्या बाजूला आणखी कुणीतरी देव. युद्धाची देवी, धान्याची देवी, डोक्यावर चांदणी घेऊन घोडे दौडवणारे जुळे भाऊ. पाव घ्यायला गेलेला माणूसही मूठभर देव घेऊन जायचा आणि त्यातला एखादा भट्टीवाल्याला देऊन यायचा. मी देवबिव मानत नाही, लहानपणापासून नाही. पण देवाला एवढ्या रोजच्या कामाला लावणारी माणसं मला आवडली.

बायकोने माझ्या नाण्यांत एकदाच मनापासून रस घेतला. एका नाण्याच्या पाठीवर त्यांच्या पुजाऱ्याची उपकरणं आहेत. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि ओरडली, “अहो, ही तर पळी!” मी म्हटलं, पळीच. “आणि हा तांब्या. हे काय आहे?” पाणी शिंपडायचा कुंचला, मी म्हणालो. “म्हणजे भटजींची पिशवीच की! मग ताम्हन कुठंय?” ताम्हन नव्हतं. तिने त्या रोमन भटजीला नापास केलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून खाली गेली.

मी निवृत्त झालो तेव्हा स्वतःला एक नाणं घेतलं. त्यावर एका सम्राटाची बायको आहे. डोक्यावरून पदर घ्यावा तसं वस्त्र घेतलेलं, त्यातून केसांचा वर बांधलेला अंबाडा दिसतो, आणि कडेने तिच्या नावाआधी ‘देवी’ अशा अर्थाचा शब्द कोरलेला. ही बाई नवऱ्याच्या आधी गेली. ती गेल्यावर त्याने तिला देवी जाहीर केलं, तिचं देऊळ बांधलं, आणि पुढे वीसेक वर्षं, म्हणजे तो स्वतः जाईपर्यंत, तिच्या नावाने चांदी पाडत राहिला. माझ्या नाण्याच्या मागच्या बाजूला एक स्त्री उभी आहे. तिच्याही डोक्यावर पदर, एका हातात डबी, आणि दुसऱ्या हाताने ती समोरच्या वेदीवर चिमूटभर धूप घालते आहे. मी हे सगळं बायकोला भारावून सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

“गेल्यावर नाणी काढून काय उपयोग?” ती म्हणाली. “असताना चहा करून द्यायचा.”

मी चहा टाकला. एवढं तरी कळत होतं मला.

तिच्या पूजेत मी कधी पडलो नाही आणि तिने मला कधी ओढलं नाही. फक्त एकदा ती फ्लूने आडवी झाली तेव्हा तिने मला देवांना आंघोळ घालायला सांगितलं. मी फळीवरून सगळे देव एका ताटलीत गोळा केले, सिंकमध्ये नळाखाली धरले, पुसले आणि परत ठेवले. वर गेलो तर ती पांघरुणातून म्हणाली, “थंड पाण्याने घातलीत ना?” तुला कसं कळलं, मी विचारलं. “किटलीचा आवाज आला नाही.” देवांना ती रोज कोमट पाण्याने न्हाऊ घालायची, किटलीतलं पाणी आणि नळातलं पाणी मिसळून, बोट बुडवून बघून. नागपूरहून आणलेल्या देवांना इथली थंडी सोसत नाही असं तिचं म्हणणं होतं. त्या दिवशी तिने अंगात ताप असताना मला अर्धा तास बोलणी ऐकवली.

परवाच्या नाही, त्याआधीच्या हिवाळ्यात ती गेली. पोटाचा कॅन्सर. रिपोर्ट समजावून सांगायला मला कुणाची गरज पडली नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीचं हे शेवटचं बक्षीस. सगळं फार लवकर झालं. इथल्या मराठी मंडळातले लोक डबे घेऊन आले, बरेच दिवस आले, मग साहजिकच त्यांना त्यांची घरं होती. मुलगी बेसिंगस्टोकला आयटीत आहे. दर शनिवारी फोन करते, महिन्यातून एकदा येते, फ्रीज उघडून बघते. “बाबा, तुम्ही काय खाल्ला?” विचारते. तिचं मराठी तिच्या आईने टिकवलेलं, आता ते हळूहळू मोडतं आहे आणि मला ते दुरुस्त करायचा धीर होत नाही. आम्ही बघता बघता इंग्रजीत जातो.

बायकोबरोबर घरातून मराठी गेली, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. माझं सगळं भांडण, कौतुक, कुरकुर, ‘टॉवेल कुठंय’ आणि ‘दूध संपलं’ या भाषेत होतं, आणि ते ऐकणारं माणूसच राहिलं नव्हतं. दिवसच्या दिवस माझ्याशी सगळ्यात जास्त बोलायची ती सुपरमार्केटातल्या सेल्फ-चेकआउटच्या यंत्रातली बाई. पिशवीच्या जागी काहीतरी अनपेक्षित आहे, असं ती मला सांगायची. मी एकटा होतो, आणि ते कुणाला सांगावं तर त्यालाही इंग्रजी शब्द शोधावा लागत होता.

नागपूरची ताई, माझी थोरली बहीण, फोनवर एकच विषय लावून धरून होती. टाक. आमच्याकडे देवघरात चांदीचे टाक असतात: पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेल्या छोट्या मूर्ती, खंडोबाच्या, भवानीच्या. आणि आमच्या घराण्यात बाई सवाष्ण गेली, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेली, तर तिचाही टाक करून देवांत बसवतात. आमच्या आजीचा होता, काकूचा आहे. त्यावर कुणाचा असा चेहरा नसतो. सोनार आपला एक बाई उठवतो, कपाळावर मोठं कुंकू, झालं. “वर्ष होऊन गेलं,” ताई म्हणायची. “तिला बसायला जागा नको का? मी इथे करायला टाकते, तू फक्त हो म्हण.”

मी हो म्हणत नव्हतो. ताईला वाटायचं की माझी नास्तिकगिरी आडवी येते आहे. तसं नव्हतं. टाक झाला की माणूस देवांत गेलं. मग त्याला हात जोडायचे, फूल वाहायचं, आणि त्याच्याशी भांडता येत नाही. मला तिच्याशी अजून भांडायचं होतं. तिने मला विचारल्याशिवाय मरायचं ठरवलं यावरून तर भांडायचंच होतं. ती देवी झाली असती तर हे सगळं माझ्या घशात तसंच राहिलं असतं. म्हणून मी नाही म्हणत होतो, आणि हे कारण ताईला सांगता येत नव्हतं.

शेवटी पितृपक्षाच्या तोंडावर ताई स्वतःच आली. सत्तरी उलटलेली बाई व्हिसा काढून, दोन बॅगा घेऊन, हीथ्रोहून कोचने, म्हणजे लांबच्या बसने, एकटी कार्डिफला उतरली. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, तेव्हापासून ती कुणाची वाट बघत बसत नाही. दारातून आत येताच म्हणाली, “किती वाळला रे तू! काय खाऊन राहिलास इथे?” आणि मला एकदम एवढं बरं वाटलं की मी तिची बॅग उचलायचं निमित्त करून तोंड फिरवलं. नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, तिला बायकोचं श्राद्ध करायचं होतं. सवाष्ण गेलेल्या बाईचा तो दिवस. “टाकाचं मी काही बोलणार नाही,” ती म्हणाली. “नवमी मात्र करणार.” मी बरं म्हणालो.

नवमीच्या सकाळी मी भाजी आणायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर ताई सिंकशी उभी, बाह्या वर सारलेल्या, आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर सगळे देव मांडलेले. नागपूरहून आणलेली पांढरी टूथ पावडर आणि जुना ब्रश. “काळे पडले होते बाप्पा सगळे,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली तर तिचे डोळे भरलेले.

“केलास ना रे शेवटी? मला सांगायचं तरी. मी उगाच वर्षभर तुझ्यामागे लागले.”

मला आधी काही कळलं नाही. मग तिच्या ओल्या तळहातावर ते दिसलं. माझी राणी. पदर, अंबाडा, नाक, हनुवटी, सगळं झगझगीत पांढरं. तो निळसर करडा थर, ज्यासाठी मी ते नाणं घेतलं होतं, तो टूथ पावडरीबरोबर सिंकमध्ये वाहून गेला होता. नाणी जमवणाऱ्याला विचारा, हे ऐकून तो खुर्ची धरून बसेल. मीही धरली.

चूक ताईची नव्हती. बायको गेल्यानंतर कधीतरी मी ते नाणं ट्रेमधून काढलं होतं आणि कापसात गुंडाळून तिच्या डबीत ठेवलं होतं, जिथे तिचं मंगळसूत्र आणि जोडवी होती. का ठेवलं ते मला विचारू नका, मी स्वतःला विचारलं नव्हतं. ताई देवघरासाठी तिचं कुंकू शोधायला गेली आणि तिला कापसात जपून ठेवलेली चांदीची, पदर घेतलेली बाई सापडली. आमच्या घरातल्या कुणीही दुसरा काय अर्थ लावला असता?

तिचा चेहरा इतका सुटल्यासारखा झाला होता की माझ्याने खरं सांगवेना. तिने राणीला पंचामृताने न्हाऊ घातलं, हळद-कुंकू लावलं, वाटीत तांदूळ घालून त्यावर अन्नपूर्णेला टेकून बसवलं. मग म्हणाली, “आता सवाष्ण कोण आहे जेवायला?”

हा विचार मी केलाच नव्हता. नवमीला सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. ताई स्वतः चालणार नव्हती, हे तिनेच शांतपणे सांगितलं. मंडळातल्या बायका मंगळवारी दुपारी कामावर. मी फोन हातात घेऊन विचार करत होतो, तोवर ताईने धूप पेटवला. बायको कधी पेटवायची नाही, कारण स्वयंपाकघरात स्मोक अलार्म आहे आणि त्याला धर्म कळत नाही. तो असा किंचाळायला लागला की ताई देवांना सोडून टेबलाखाली बघायला लागली. मी खुर्चीवर चढून टॉवेल हलवत होतो, तेवढ्यात दार वाजलं. शेजारची बाई, गार्डनिंगचे हातमोजे तसेच हातात. “एव्हरीथिंग ऑलराइट, लव्ह?”

ताईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हिचा नवरा आहे?” तिने मला विचारलं.

“आहे. दिवसभर शेडमध्ये असतो.”

“असू दे कुठेही. बसव तिला.”

तर अशी ती वेल्श बाई, पायातले चिखलाचे बूट काढून, आमच्या टेबलाशी पाटावर बसवावं तशा मानाने बसली. वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी, तिने सगळं खाल्लं, वडे परत मागून घेतले. ताईने तिला कुंकू लावलं आणि तिच्या फ्लीसच्या जॅकेटच्या ओच्यात तांदूळ, नारळ आणि खण घातला. तिने नारळ दोन्ही हातांनी धरला. माझ्या बायकोची आणि हिची कुंपणावरून जुनी देवघेव होती, इकडून लोणचं, तिकडून टोमॅटो. आज काय आहे, तिने विचारलं. ताई तिच्या इंग्रजीत म्हणाली, “हिज वाइफ. टुडे हर डे,” आणि फळीकडे बोट केलं.

शेजारणीने चष्मा लावला आणि जवळ जाऊन बराच वेळ पाहिलं. “शीज गॉट हर हेअर अप,” ती म्हणाली. “लाइक ऑन वॉश डेज.” कपडे वाळत घालताना बायको केस वर बांधायची, ते खरं होतं. शेजारणीला रडू आलं. ताईला आलं. इंग्रजी धड न येणारी आणि मराठी न येणारी, अशा दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. एका रोमन राणीपुढे दोन बायका माझ्या बायकोसाठी रडत होत्या, आणि खरं काय ते माहीत असलेला मी एकटा कोरडा उभा होतो. मला दोघींचा भयंकर राग आला. ही ती नव्हे, असं ओरडावंसं वाटलं. तिचं नाक असं नव्हतं, तिची हनुवटी अशी नव्हती. तिची हनुवटी कशी होती ते आठवायला गेलो तर डोळ्यांपुढे नाण्यावरचीच आली, आणि मी घाबरलो.

शेजारीण गेल्यावर, दोघं भांडी आवरत असताना, मी ताईला सांगून टाकलं. हा टाक नाही. हे जुनं रोमन नाणं आहे. ही एका राजाची बायको. ती त्याच्या आधी गेली, त्याने तिला देवी केलं, मरेपर्यंत तिची नाणी पाडली. आपल्याशी तिचा काही संबंध नाही.

ताईने फडकं पिळून नळावर टाकलं. मला वाटलं ती चिडेल, परक्या राणीला नैवेद्य दाखवला म्हणून हळहळेल. ती नुसती खुर्चीत बसली.

“म्हणजे तीही सवाष्णच गेली,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तू तिला आपलीच्या डबीत ठेवलंस.”

मी हातातली वाटी पुसून ठेवली.

“बरं. ही त्या राजाची,” ताई म्हणाली. “मग आपली कुठंय रे?”

तिने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं, हरवलेल्या माणसाबद्दल विचारतात तसं. आणि मला सांगता येईना. अस्थींचा कलश मुलीने आणि मी पेनार्थच्या किनाऱ्यावर रिकामा केला होता. कपडे चॅरिटी शॉपला गेले. टाक मी होऊ दिला नाही. तिच्याशी भांडायचं म्हणून मी तिला कुठेच बसू दिलं नव्हतं, आणि भांडणही होत नव्हतं, कारण वर्षभर मी तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. मी ताईपुढे रडलो. नाकातून पाणी येईपर्यंत, लहानपणी रडायचो तसा. ताईने समजूत घातली नाही. ती म्हणाली, “रडून घे. मग मी कढी गरम करते.”

ती आणखी काही दिवस राहिली. फ्रीझरमध्ये डबे भरून ठेवले, मला वरणाला फोडणी नीट घालायला शिकवली, शेजारणीशी हातवारे करून गप्पा मारल्या. आम्ही दिवसभर मराठीत बोलत होतो, बहुतेक वेळ मेलेल्या लोकांबद्दल. टाकाचा विषय तिने काढला नाही. राणी फळीवर तशीच होती. ताई सकाळी सगळ्यांबरोबर तिलाही फूल वाहायची आणि मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

निघायच्या सकाळी कोच स्टॉपवर उभे असताना ती म्हणाली, “तिला काढून ठेव हवं तर तुझ्या त्या ट्रेमध्ये. मी काही विचारणार नाही. घर तुझं, बायको तुझी.” मग कोच आला, ड्रायव्हरने बॅगा खाली घातल्या, आणि ती खिडकीशी बसून चष्मा पुसत राहिली. कोच वळून दिसेनासा झाला तरी मी तिथेच उभा होतो. पाऊस बारीक सुरू झाला होता.

घरी आलो. दार उघडलं की घर किती गप्प असतं ते मधल्या दिवसांत विसरलो होतो. जॅकेटही न काढता स्वयंपाकघरात गेलो आणि राणीला फळीवरून उचललं. ताईने मोकळीक दिलीच होती. वर नेऊन ट्रे काढला. बाकीची सगळी आपापल्या खळग्यांत होती, काळी, शांत, वीज फेकणारा आणि घोडे दौडवणारे आणि भटजींची पळी. तिचा खळगा रिकामा होता. मी तिला आत ठेवलं तर ती एवढी चमकली की तिथली वाटेना. शिवाय पदराच्या चुण्यांत आणि मागच्या त्या धूप घालणाऱ्या बाईच्या हाताशी हळद-कुंकू घट्ट बसलं होतं. असं ओलसर नाणं कापडावर ठेवलं तर कापड खराब होईल. आधी धुवायला हवं, असं म्हणून मी तिला घेऊन परत खाली आलो.

सिंकशी उभा राहिलो. नळ सोडला. कार्डिफचं पाणी ऑक्टोबरातच बोटं आखडवतं. मी नळ बंद केला आणि किटली लावली. हे मी ठरवून केलं नाही. पाणी उकळेपर्यंत खिडकीतून शेजारणीचे कपडे पावसात भिजताना बघत राहिलो. तिने काढले नव्हते. मग वाटीत थोडं गरम घेतलं, थोडं नळाचं, बोट बुडवून बघितलं, थोडं आणखी नळाचं घातलं. राणीला तळहातावर घेतलं आणि वरून हळूच पाणी सोडलं. कुंकू पिवळसर लाल होऊन मनगटावरून ओघळलं.

“कोमट आहे गं,” मी म्हणालो. “बघून घातलंय. उगाच कटकट नको.”